स्विफ्टच्या डिकीतला बारा इंची सब खंबाटकीला बंद पडतो: ॲम्प बदलू की डबा?

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१८ ची स्विफ्ट. टचस्क्रीन कंपनीचा, दारातले स्पीकरही कंपनीचेच. दिवाळीत एका दुकानातून बारा इंची सबवूफर तयार डब्यासकट घेतला, सोबत चार चॅनलचा ॲम्प. त्यातले दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला दिलेत, उरलेले दोन रिकामे. सबवर सोनेरी अक्षरांत "१५०० वॅट" लिहिलंय. दुकानात काच थरथरली तेव्हा पैसे वसूल वाटले होते.

आता दुखणं. पुण्याहून साताऱ्याला निघालो की शिरवळपर्यंत ठीक चालतं. खंबाटकी चढता चढता ॲम्पचा लाल दिवा लागतो आणि सब गप्प. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. दुसरं म्हणजे कुठलंही गाणं लावा, खालून एकच आवाज येतो. ढोलकी असो, बेस गिटार असो, सगळ्याचं "भूं". बायको म्हणते डिकीत म्हैस बांधली आहेस का. दुकानदार म्हणतो ॲम्प छोटा पडतोय, हजार वॅटचा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प, घ्या. घेऊ का?

खड्डेमुक्त_नाशिक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ओहमकार
थांबा, पाकीट उघडू नका. आधी चार गोष्टी सांगा. सबच्या मागे वायर लावायच्या क्लिपा किती, दोन की चार? कॉइल किती ओमची? ॲम्पच्या माहितीपत्रकात ब्रिज केल्यावर कमीत कमी किती ओम लिहिलंय? आणि सबचा आरएमएस, म्हणजे सतत झेपणारा, वॅट किती?

१५०० हा आकडा विसरून जा. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर "पीएमपीओ" छापून यायचं आठवतंय? तीन सेल घालून हजार वॅट! हा त्याचाच नातू. खरा आकडा आरएमएसचा. ॲम्पच्या बाबतीत २००३ पासून सीईए-२००६ नावाचं मोजमाप आहे. १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओमचा भार, विकृती १ टक्क्याच्या आत, या अटींवर जेवढे वॅट निघतील तेवढेच छापायचे. डब्यावर तो उल्लेख असेल तर आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो.

सातारी_कंदी
क्लिपा चार. कागदावर "ड्युअल व्हॉइस कॉइल ४+४ ओम, आरएमएस ३००". ॲम्पवर "४ × ७० वॅट, ४ ओमला, ब्रिज २ × २०० वॅट, ४ ओमला". खाली बारीक अक्षरात ब्रिजसाठी किमान ४ ओम.

ओहमकार
झालं, निम्मं दुखणं सापडलं. दुकानात दोन्ही कॉइल समांतर जोडल्या असतील. मल्टिमीटर असेल तर ॲम्पकडून येणारी सबची वायर सोडवा आणि तिच्या दोन टोकांत ओम मोजा.

सातारी_कंदी
मीटर मेहुण्याकडून आणला. १.८ दाखवतोय. म्हणजे कॉइल जळाली का?

कॅपॅसिटर_काकू
अजिबात नाही, घाबरू नकोस. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं हेच शिकवलं, म्हणून मध्ये बोलते.

मीटर दाखवतो तो तारेचा नुसता रोध. ४ ओमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते. १.८ दिसले म्हणजे दोन कॉइल समांतर आहेत आणि नाममात्र भार २ ओम आहे. नववी-दहावीचं आठव. एकसर जोडणीत रोधांची बेरीज, समांतर जोडणीत सारखे दोन असतील तर निम्मा. तुझ्या सबला दोनच पर्याय, २ ओम किंवा ८ ओम. दोन्ही कॉइल वापरून ४ ओम या सबमधून निघणारच नाही. तुझ्या ॲम्पसाठी २+२ ओमच्या कॉइलचा सब हवा होता, त्या एकसर जोडल्या की ४ होतात. दुकानात जो सब समोर होता तो दिला.

आता ब्रिजची गंमत बघ. ब्रिज केल्यावर दोन चॅनल मिळून तो भार ओढतात आणि प्रत्येकाला अर्धाच भार दिसतो. तुझे २ ओम म्हणजे प्रत्येक चॅनलला १ ओम. दुप्पट करंट, दुप्पट उष्णता. शिरवळला पोचेपर्यंत ॲम्प तापलेला असतो, घाटात तो हात वर करतो. बिचारा स्वतःला वाचवतोय, त्याला छोटा म्हणू नका.

ढोलपथक_टिपरू
मग काकू, दुकानदार म्हणतोय ते बरोबरच झालं की. २ ओम झेपणारा मोनो घ्यायचा, विषय संपला. मी हेच केलं होतं.

कॅपॅसिटर_काकू
तोही उपाय आहे. पण आधी फुकटचा करून बघू दे. कंदी, दोन्ही कॉइल एकसर कर. पहिल्या कॉइलचा वजा दुसऱ्याच्या अधिकला, आणि ॲम्पच्या तारा उरलेल्या दोन टोकांना. मीटरवर सातच्या आसपास यायला हवं.

सातारी_कंदी
७.१ आले. काल साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकी पार, लाल दिवा नाही! आवाज थोडा कमी वाटतो. पण "भूं" तसंच आहे.

ओहमकार
आवाज कमी म्हणजे किती, ते बघू. ॲम्प बाहेर काढतो ते मुळात व्होल्ट. ४ ओमला २०० वॅट म्हणजे २०० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, २८.३ व्होल्ट. तेच २८.३ व्होल्ट ८ ओमवर पडले की १०० वॅट. वॅट निम्मे झाले की ३ डेसिबल उतरतात, आणि कानाला "आवाज दुप्पट झाला" असं वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून १००चे २०० करायला हजारो रुपये घालवण्याआधी विचार करा. लोक वॅट विकत घेतात आणि मिळतात तीन डेसिबल.

आता ते "भूं". त्याचा ॲम्पशी संबंध नाही, तो डब्याचा आवाज आहे.

मिरजकर_तंबोरा
अगदी. आमच्याकडे भोपळा चुकला की तार कितीही चांगली असू दे, तंबोरा बोलत नाही. सबचंही तेच. आपण दुकानात सब निवडतो आणि डबा फुकट मिळाला म्हणून खूश होतो. खरं तर उलटं हवं.

पखवाज बघा. डाव्या तोंडाला कणीक लावतात. कणीक वाढवली की सूर खाली येतो, काढली की वर जातो. सबच्या कोनचंही वजन आणि ताण मिळून एक स्वतःचा सूर असतो, माहितीपत्रकात तो एफएस म्हणून देतात. मोकळ्या हवेत एक सूर, डब्यात कोंडला की वेगळा.

कॅपॅसिटर_काकू
सुंदर सांगितलंत. मी वर्गात हे उदाहरण द्यायला हवं होतं.

कंदी, एक प्रयोग कर. तुझ्या डब्याला भोक, म्हणजे पोर्ट आहे ना? मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घे. आवाज बेताचा ठेव, ८० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झने खाली ये आणि कोनकडे टॉर्च मारून बघ. कुठल्यातरी एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबेल आणि पोर्टमधून वारा सुटेल. तो आकडा इथे लिही. त्याच्या फार खाली जाऊ नकोस, का ते नंतर सांगते.

सातारी_कंदी
५२ हर्ट्झला कोन थांबला. पोर्टपुढे रुमाल धरला तर उडत होता. ४५ ला कोन एवढा हलायला लागला की मी घाबरून बंद केलं.

कॅपॅसिटर_काकू
शहाणा आहेस.

५२ हर्ट्झ हा तुझ्या डब्याचा सूर. पोर्टमधली हवा त्या सुरावर डोलते, आणि त्याच्या आसपासचं जे काही येईल ते फुगवते. म्हणून ढोलकी आणि गिटार दोन्ही तिथेच जाऊन पडतात. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, ती डब्याच्या सुराच्याही खाली. आणि त्याच्या खाली पोर्टवाल्या डब्यातला कोन मोकाट सुटतो, आतल्या हवेचा आधार राहत नाही. अष्टकामागे, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, २४ डेसिबलने आवाज कोसळतो, पण कोन मात्र जोरजोरात हलत राहतो. म्हणजे ऐकू येत नाही आणि सब मरतो. पोर्टवाल्यांनी सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा, लावलाच पाहिजे तो यासाठी.

ढोलपथक_टिपरू
काकू, पोर्टची बदनामी नको हां! माझा पोर्टवालाच आहे, ३४ हर्ट्झला ट्यून केलेला, सबसॉनिक २८ ला. आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग लावलं की ढोलाचं चामडं पोटात जाणवतं. बंद डब्यात ते सुख नाही.

कॅपॅसिटर_काकू
बदनामी पोर्टची नाही रे, ५२ची आहे. तुझा डबा केवढा?

ढोलपथक_टिपरू
आतून साधारण ५५ लिटर, पोर्टची जागा वेगळी. पण माझी सेडान आहे.

कॅपॅसिटर_काकू
तेच तर. पोर्टला जागा लागते. खालचा सूर आणि छोटा डबा हवा असेल तर पोर्ट लांबच लांब होतो, तो मावत नाही, मग बाजारातले तयार डबेवाले पोर्ट आखूड कापतात आणि सूर ५०च्या वर चढतो. दुकानात दोन मिनिटं ऐकायला छान, कारण ५० ते ६० मध्येच सगळं दणकतं. कंदीच्या स्विफ्टची सगळी डिकी २६८ लिटर, त्यात खाली स्टेपनी. पंक्चर झाल्यावर डबा उतरवून रस्त्यावर ठेवायचाय हेही लक्षात असू दे.

कंदी, माहितीपत्रकात क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस असे सबचा स्वभाव सांगणारे आकडे आहेत का बघ.

सातारी_कंदी
आहे. एफएस ३०, क्यूटीएस ०.५०, क्यूईएस ०.५५, व्हीएएस ६० लिटर. या कागदात मी मिक्सरचं भांडं गुंडाळून ठेवलं होतं.

खड्डेमुक्त_नाशिक
हा धागा संग्रही ठेवावा लागणार. पॉपकॉर्न संपले.

कॅपॅसिटर_काकू
हे आकडे थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखतात. थील ऑस्ट्रेलियाचे, १९६१ मध्ये पोर्टवाल्या डब्यांवर लिहिलं. रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकात ते वाढवलं. त्याआधी डबे बरेचसे अंदाजाने व्हायचे.

पहिली चाचणी ढोबळ आहे. एफएसला क्यूईएसने भाग. ३० भागिले ०.५५, ५४ आणि काही. पन्नासच्या आसपास आलं की सब बंद डब्याकडे झुकतो, शंभराच्या आसपास आलं की पोर्टकडे. तुझा सब सरळसरळ बंद डब्याचा. दुकानदाराने त्याला पोर्टमध्ये घातला.

आता डबा केवढा? बंद डब्यात सब किती घट्ट बसला याचा आकडा क्यूटीसी. ०.७०७ असला की सपाट, नेमका. जास्त झाला की थोडा गोलवा, आणखी वाढला की घुमायला लागतो. हवा असलेला क्यूटीसी भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग, वजा १. जे येईल त्याने व्हीएएसला भागायचं. ०.७०७ साठी तुझा डबा येतो ६० लिटर. स्विफ्टमध्ये नको. १.० साठी येतो २० लिटर, तो छोटा पण फुगीर. ०.८५ घेतलं तर ३२ लिटर. मी ते घेईन.

ढोलपथक_टिपरू
कागद-पेन्सिल घेऊन बसलो. काकू, पकडलं तुम्हाला! ०.८५ ला डब्यातल्या सबचा सूर येतो ३० गुणिले ०.८५ भागिले ०.५०, म्हणजे ५१ हर्ट्झ. आधी ५२ होता. एवढं करून एक हर्ट्झ कमावला?

कॅपॅसिटर_काकू
शाब्बास, हा प्रश्न यायलाच हवा होता. आकडा तोच, वागणूक वेगळी. पोर्टचा ५२ त्याच्या खाली अष्टकामागे २४ डेसिबलने पडतो. बंद डब्याचा ५१ फक्त १२ने, आणि आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला धरून ठेवते.

आणि गाडी स्वतः मदत करते. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब, स्विफ्ट बंपर ते बंपर ३.८४ मीटर. ती लाट गाडीत मावतच नाही. अर्धी लाट केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की गाडीतली हवा एकदमच दाबली-सोडली जाते, पिचकारीसारखी. आतली लांबी अडीच मीटर धर, तर सुमारे ६९ हर्ट्झपासून खाली हा फायदा सुरू होतो, आणि हिशेबाने तो अष्टकामागे १२ डेसिबलपर्यंत जातो. प्रत्यक्षात कमी, कारण पत्रा हलतो, फटी असतात. पण बंद डब्याची उतरण १२ आणि गाडीची चढण जवळपास तेवढीच, म्हणून मोटारीत बंद डबा कागदावर दिसतो त्यापेक्षा खूप खाली जातो. घरच्या हॉलमध्ये हाच डबा ठेवलास तर पांचट लागेल.

ढोलपथक_टिपरू
हरलो. पण माझा डबा मी बदलणार नाही.

कॅपॅसिटर_काकू
नकोच बदलू. तुझा बरोबर आहे.

रत्नांग्रीचा_बापू
डबा करताना लाकडाचं सांगतो. सगळे एमडीएफ सांगतात. अठरा मिमीचं एमडीएफ वजनदार, सलग, आवाजाला चांगलं, मान्य. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर डिकीत काय दमट हवा असते विचारू नका. माझा एमडीएफचा डबा दुसऱ्या पावसाळ्यात खालून फुगला, स्क्रू धरेनात. आता पाण्याला टिकणारा प्लाय वापरलाय, कडा फेविकॉलने बंद, आतून सिलिकॉन. देशावर ठीक आहे, कोकण-गोव्यात प्लायच करा.

आणि एक शंका. आत कापूस घालतात म्हणे. घरच्या सावरीचा चालेल काय?

ओहमकार
बापू, सावरी उशीलाच ठेवा. पॉलिएस्टरचा फायबर मिळतो, खेळण्यात आणि स्वस्त उशांत भरतात तो. बंद डब्यात सैल भरला की सबला डबा थोडा मोठा भासतो. पोर्टवाल्यात भरून पोर्ट कोंडू नका.

कंदी, सुताराला माप आतून द्या. ४० × ३२ × २८ सेंमी आतून म्हणजे ३५.८ लिटर. त्यातून सबचं मॅग्नेट-बास्केट दोन-अडीच लिटर खाईल, आडवी पट्टी एखादा लिटर, उरले ३२. अठरा मिमीच्या भिंतींनी बाहेरून ४३.६ × ३५.६ × ३१.६ होतं. सुतार हटकून बाहेरून मोजतात, मग पाव डबा गायब होतो. सब पुढच्या मोठ्या बाजूला.

मिरजकर_तंबोरा
सुताराकडे जाताना सब बरोबर घेऊन जा. भोक कागदावरच्या मापाने नको, खरा सब ठेवून आखा.

वॅगनआर_सीएनजी
मधेच घुसतो. माझ्या डिकीत सिलिंडर आहे, डबा ठेवायला जागा नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? भजनं आणि जुनी भावगीतं ऐकतो, दणका नको.

ओहमकार
तुमच्यासाठी सीटखालचा ॲक्टिव्ह सब. ॲम्प आतच असतो, म्हणजे जुळवाजुळव कंपनीनेच केलेली. आठ इंचीच्या आसपासचा असतो, ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही मिळणार नाही, पण भावगीताला तेवढं लागतही नाही. घेण्याआधी सीटखाली पट्टीने उंची मोजा, सीट पुढे-मागे सरकवून. मागे एसीचा डक्ट असतो काही गाड्यांत. सीएनजीच्या नळीजवळ ड्रिल कुठल्याही परिस्थितीत नको. फिटर म्हणाला "काही होत नाही" तर गाडी घेऊन बाहेर पडा.

मिरजकर_तंबोरा
भावगीताला खाली काही लागत नाही हे तितकंसं खरं नाही हो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार घ्या, तिचा मूळ सूर ६९ हर्ट्झ. दारातला छोटा स्पीकर तो सूर जेमतेम देतो. डग्ग्याचा घिस्सा, पखवाजाचा "धा", हे सगळं सबच्याच प्रांतात. सब म्हणजे फक्त मिरवणूक हा गैरसमज आहे. मी सब चालू आहे हे कळणार नाही इतकाच ठेवतो. बंद केला की मात्र कळतं.

वॅगनआर_सीएनजी
हे पटलं. सीटखालचाच घेतो.

सातारी_कंदी
सुताराकडे डबा टाकलाय. तोपर्यंत ॲम्पचं विचारतो. मोनो घेऊ नकोच ना मग? आणि दुकानदार एक फॅरडचा कॅपॅसिटर लावायला सांगत होता, रात्री हेडलाइट लुकलुकतात म्हणून.

कॅपॅसिटर_काकू
माझं नाव बघून विचारलंस वाटतं!

एक फॅरड, १३.८ व्होल्टवरून १२ पर्यंत उतरताना त्यातून निघतात सुमारे २३ ज्यूल. ३७५ वॅट ओढणाऱ्या ॲम्पला हे ०.०६ सेकंद पुरतं. ढोलावर एक टोला पडून विरायच्या आत कॅपॅसिटर रिकामा. दिवे लुकलुकतात कारण तार बारीक आहे किंवा अर्थ नीट नाही. पैसे तारेत घाल.

ओहमकार
मोनो नको, आणि त्याला कारण काकूंपेक्षा वेगळं. तुमच्याकडे दोन चॅनल रिकामे पडलेत! ते पुढच्या दारांना द्या. दारांच्या चॅनलवर हायपास ८० हर्ट्झ (फक्त त्यावरचं जाऊ देतो), सबच्या ब्रिजवर लोपास ८० हर्ट्झ (फक्त त्याखालचं). दारातल्या साडेसहा इंची स्पीकरच्या डोक्यावरून बेसचं ओझं उतरलं की ते गायला लागतात. सारख्याच आवाजासाठी ६० ऐवजी ३० हर्ट्झ वाजवायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, एवढ्यावरून कल्पना करा. ज्यांच्याकडे जादा चॅनल नाहीत त्यांनी ४ ओमच्या स्पीकरला एकसर ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर लावावा, सुमारे ८५ हर्ट्झला कापतो, स्वस्तात काम.

तार: सबला १०० आणि दारांना ७०-७०, एकूण २४० वॅट. एबी वर्गाचा ॲम्प, कार्यक्षमता ५५ टक्के धरा, १३.८ व्होल्टला ३२ अँपिअरच्या आत. ८ गेजची तार पुरेल, पण शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची खूप खपते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा. फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. पुढे कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून. अर्थ डिकीतच, रंग खरवडून उघड्या पत्र्याला, तार आखूड. आणि पॉवरची तार गाडीच्या एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या, नाहीतर एक्सलरेटर दाबला की स्पीकरमध्ये "कुंईं".

सातारी_कंदी
सिग्नल स्पीकरच्या तारांतून घेतलाय, हाय-लेव्हलने. कंपनीची वायर कापलीय दुकानात. वॉरंटीचं काय होईल कोण जाणे.

खड्डेमुक्त_नाशिक
पुढच्यांनी लक्षात ठेवा: वायर न कापता जोडणारा कपलर मागा. कापू देऊ नका.

ओहमकार
आता गेन. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे, टचस्क्रीनच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायची कळ आहे. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, गेन तळाला. सबची तार सोडवा. टचस्क्रीन तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावा. घरच्या विजेची वारंवारता तीच, त्यामुळे साधा मीटरही तिथे नीट वाचतो. एसी व्होल्टवर मीटर, आणि गेन हळूहळू चढवत २८ला थांबा. तुमचा सब ३०० झेलणारा, देतोय १००, तरी त्याहून चढवू नका.

ढोलपथक_टिपरू
पण कमी वॅटचा ॲम्प सब जाळतो म्हणतात ना?

कॅपॅसिटर_काकू
कमी वॅटने काही जळत नाही. ॲम्पला त्याच्या कुवतीबाहेर ओरडायला लावलं की लाटेचे माथे कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट वॅट देते. १०० चा ॲम्प मग २०० ओततो, आणि २०० न झेपणारा सब तापून मरतो. कंदीचा ३०० चा आहे, तो यातून वाचेल. दारातले स्पीकर नाही वाचायचे.

रत्नांग्रीचा_बापू
डबा बेल्टने आवळा हां. माझा वीस किलोच्या वर आहे. घाटात जोरात ब्रेक मारला तेव्हा तो सीटवर आदळला, तेव्हा अक्कल आली.

मिरजकर_तंबोरा
आणि रात्री गल्लीत काचा खाली नकोत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सबचा आवाज शेजाऱ्याच्या भिंतीतून जातो, गाणं जात नाही. त्याला नुसतं "भूं" मिळतं. कंदींच्या बायकोला विचारा.

सातारी_कंदी
मंडळी, झालं सगळं. उशीर झाला, सुतार लग्नाला गेला होता आणि पहिला डबा त्याने बाहेरूनच मोजला (ओहमकार, तुम्ही ज्योतिषी आहात). दुसरा बरोबर आला.

तार बदलली, जुनी खरवडली तर आत पांढरी. मुलाम्याचीच होती. दारं दोन चॅनलवर, ८०/८०. गेन २८ व्होल्ट. फेजचं (सबची लाट उलटी करायचं) बटण काकूंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं ड्रायव्हर सीटवर बसून शून्य आणि १८० दोन्हीकडे करून बघितलं. १८० ला भरीव लागलं, तिथेच ठेवलं. सब आता डिकीत आहे असं वाटतच नाही, डॅशबोर्डमधून आल्यासारखा येतो.

रविवारी साताऱ्याला गेलो. मुद्दाम खंबाटकीत तेच गाणं लावलं. ढोलकीची शाई आणि धुम वेगवेगळी ऐकू आली, घाट संपेपर्यंत. बायको म्हणाली, म्हैस विकलीस वाटतं.

जुना डबा ॲम्पच्या निम्म्या किमतीत कोणी घेईल का? (टिपरू, तुम्ही नको.) मागची नंबरप्लेट खडखडत होती, तिच्यामागे फोमची टेप लावली. पण आता ७० हर्ट्झच्या आसपास डाव्या दाराच्या पॅनलमधून बारीक "झर्र" येतंय. आधी "भूं" खाली ते दबलेलं असावं.

ओहमकार
पॅनल उघडा, कंपनीच्या वायरिंगची क्लिप सुटलेली असेल. स्पीकरच्या मागच्या पत्र्यावर ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवा. सगळं दार मढवायची गरज नाही, हाताने टकटक करून जिथे पत्रा पोकळ वाजतो तेवढंच.

रत्नांग्रीचा_बापू
दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती शीटने बुजवू नका.

सातारी_कंदी
बरं. शनिवारी उघडतो. मीटर मेहुण्याने परत मागितलाय, त्याआधी काही मोजायचं राहिलंय का?